हजारांतून वीस बियाण्याला

संगणकाला व्हिडिओ गेम खेळायला कोणी शिकवत नाही, तरीही तो तरबेज होतो. कसा, हे कळायला जालन्याचा सीड प्लॉट पुरेसा आहे. त्यातला धोकाही तिथेच कळतो.

जालना एमआयडीसीत दोन उद्योग शेजारी नांदतात. एक पोलादाचा. भंगार आणि स्पंज आयर्न भट्टीत वितळवायचे, त्याचे बिलेट ओतायचे आणि ते लाटून सळया काढायच्या. दुसरा बियाण्यांचा. शेतातून आलेले बी वाळवायचे, चाळायचे, प्रतवारी करून औषध लावायचे आणि पिशव्यांत भरून दूरदूर पाठवायचे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महिको’ सुरू केली आणि पुढे हे शहर बियाण्यांसाठी ओळखले जाऊ लागले. बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आजही जालना-देऊळगाव राजा पट्ट्यात शेडनेटमधले सीड प्लॉट रस्त्यावरून नजरेस पडतात.

या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला पैदाशीचा नियम कोणी समजावून सांगायला नको. भरपूर झाडे लावा, त्यातली सरस निवडा, त्यांचेच बी धरा, पुढच्या हंगामात पुन्हा तेच करा. गंमत अशी, की संगणकाला व्हिडिओ गेम खेळता यावा म्हणून शास्त्रज्ञ जी एक पद्धत वापरतात, तिचा नियमही अक्षरशः हाच आहे. इंग्रजीतून आलेले तिचे नाव ‘न्यूरोइव्होल्यूशन’, म्हणजे न्यूरल नेटवर्कची उत्क्रांती.

पाटाची दारे आणि जॉयस्टिक

‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ १९७८ मध्ये जपानमध्ये आला. वरून परग्रहवासीयांची फौज खाली सरकते, खाली आपली एक तोफ. डावीकडे जा, उजवीकडे जा, गोळी झाडा. नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवरचा हा खेळ पुढे ‘अटारी २६००’ या घरगुती यंत्रावर आला. या यंत्राचे जुने खेळ आज संशोधकांच्या फार उपयोगाचे आहेत. पडदा लहान, २१० बाय १६० ठिपक्यांचा. जॉयस्टिकच्या हालचाली मोजक्या. आठ दिशा आणि एक स्थिर अवस्था, या प्रत्येकीत बटण दाबलेले किंवा न दाबलेले, अशा एकूण १८. आणि गुण पडद्यावरच दिसतात. त्यामुळे कोण चांगले खेळले यावर वाद होत नाही.

आता खेळाडू कोण, तर न्यूरल नेटवर्क. त्याला मेंदू म्हणण्यापेक्षा पाटाच्या पाण्याचे जाळे म्हटलेले बरे. एका टोकाकडून पडद्यावरचे चित्र आकड्यांच्या रूपात आत येते, दुसऱ्या टोकाला ‘डावीकडे जा’, ‘गोळी झाड’ असे निर्णय बाहेर पडतात. मध्ये असंख्य पाट एकमेकांना जोडलेले असतात आणि प्रत्येक पाटाला एक दार असते. ते दार किती उघडे ठेवायचे, यावर कुठल्या वाफ्यात किती पाणी जाणार हे ठरते. या दारांच्या उघडझापेलाच तांत्रिक भाषेत ‘भारांक’ म्हणतात. सगळी दारे योग्य मापात उघडली, की नेटवर्क चांगले खेळते. अडचण एवढीच, की दारे लाखोंच्या संख्येत असतात आणि योग्य माप कोणालाच ठाऊक नसते.

ही मापे शोधायचा प्रचलित मार्ग म्हणजे चुका सुधारत जाणे. गुगलच्या ‘डीपमाइंड’ कंपनीने २०१५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ४९ अटारी खेळ शिकलेल्या नेटवर्कचे काम प्रसिद्ध केले, ते या मार्गाने. नेटवर्कचा अंदाज किती चुकला ते मोजायचे आणि त्या चुकीच्या हिशोबाने प्रत्येक दार किंचित वर किंवा खाली सरकवायचे. जणू शेजारी बसलेला मास्तर प्रत्येक गणित तपासतो आहे.

उत्क्रांतीच्या मार्गात मास्तर नसतो. तिथे फक्त हंगाम असतो आणि हंगामाच्या शेवटी निवड.

एक पिढी, एक हंगाम

‘उबर’ कंपनीच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१७ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. त्यांच्या नेटवर्कमध्ये ४० लाखांहून अधिक भारांक होते. सुरुवातीला असे हजार नेटवर्क तयार केले, प्रत्येकाची दारे वाटेल तशी उघडलेली. हजारही जण खेळ खेळले. बहुतेकांची दैना झाली. कोणी कोपऱ्यात थिजून राहिला, कोणी उगाच गोळ्या झाडत सुटला. पण हजारांत काही जण योगायोगाने का होईना, इतरांपेक्षा बरे निघतातच. त्यांतले वरचे वीस बियाण्याला ठेवले, बाकीचे टाकून दिले.

मग या विसांतून पुढची पिढी काढली. विसांपैकी कोणाची तरी नक्कल करायची आणि तिच्या भारांकांत थोडा यादृच्छिक बदल करायचा, म्हणजे उत्परिवर्तन. असे पुन्हा हजार. त्यांतले पुन्हा वीस. सर्वांत सरस नेटवर्क मात्र जसेच्या तसे पुढच्या पिढीत न्यायचे, म्हणजे हाती आलेला वाण हरवायला नको. नवे हजार बिघडलेले निघाले तरी जुने उत्तम बी कोठारात शिल्लक राहते.

इतकी साधी युक्ती चालेल असे फारसे कोणाला वाटत नव्हते. पण ‘फ्रॉस्टबाइट’सारख्या काही खेळांत तिने चुका सुधारण्याच्या गाजलेल्या पद्धतींना मागे टाकले. वनस्पतीच्या पैदाशीत एका पिढीला एक हंगाम लागतो, नवा वाण हाती यायला वर्षे जातात. इथे पिढ्या एकाच दिवसात उलटतात.

या कामातला एक बारकावा जालनेकरांना विशेष आवडावा. चाळीस लाख आकड्यांचे हजार संच साठवायचे आणि एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठवायचे म्हणजे मोठे ओझे. पण संगणक जे यादृच्छिक आकडे काढतो, ते एका सुरुवातीच्या आकड्यापासून निघतात. तोच सुरुवातीचा आकडा दिला की आकड्यांची तीच मालिका पुन्हा मिळते. त्या सुरुवातीच्या आकड्याला संगणकाच्या भाषेत ‘सीड’ म्हणतात, बीज. मग संपूर्ण नेटवर्क साठवायचे कशाला? मूळ पूर्वजाचे बीज आणि प्रत्येक पिढीतल्या बदलाचे बीज एवढी वंशावळ लिहून ठेवली, की नेटवर्क पुन्हा उगवता येते. जागा हजारो पटींनी वाचते. पैदासकाराच्या नोंदवहीत वाणाची वंशावळ असते, तशीच ही नोंद.

शेतातून संगणकात

हे साम्य योगायोगाचे नाही. ही कल्पना शेतातूनच संगणकात गेली. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर इंग्लंडमधील रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात काम करत असताना, १९३० मध्ये, त्यांचे नैसर्गिक निवडीच्या गणितावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात जॉन हॉलंड या संशोधकाच्या हाती ते पडले. निवड आणि संकर यांचे गणित मांडता येत असेल, तर तेच संगणकाकडून करून घेता येईल, हा विचार त्यांनी पुढे नेला आणि १९७५ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. ‘जेनेटिक अल्गोरिदम’ ही शाखा त्यातून बहरली.

२००२ मध्ये टेक्सास विद्यापीठातील केनेथ स्टॅनली आणि रिस्तो मिक्कुलाइनेन यांनी ‘नीट’ नावाची पद्धत मांडली. तिच्यात भारांकांबरोबर नेटवर्कची रचनाही उत्क्रांत होते. सुरुवात अगदी छोट्या जाळ्यापासून होते, मग पिढ्यांगणिक एखादा नवा पाट फुटतो, एखादा नवा सांधा तयार होतो. ‘नीट’मध्ये संकरही आहे. दोन नेटवर्कचे क्रॉसिंग करताना कोणता पाट कोणाशी जुळवायचा हा प्रश्न येतो. त्यासाठी प्रत्येक नव्या जोडणीला जन्मताच एक क्रमांक दिला जातो आणि समान क्रमांकाच्या जोडण्या एकमेकींसमोर ठेवल्या जातात.

‘नीट’मधली आणखी एक काळजी सीड प्लॉटच्या मालकाला ओळखीची वाटेल. नवी रचना फुटलेले नेटवर्क सुरुवातीला जुन्यांपेक्षा वाईटच खेळते, कारण नव्या पाटाचे माप अजून बसलेले नसते. त्याला लगेच जुन्या तरबेजांशी झुंजवले तर ते पहिल्याच पिढीत बाद होईल. म्हणून सारख्या रचनेची नेटवर्क वेगळ्या गटात ठेवतात आणि स्पर्धा मुख्यतः गटातल्या गटात होते. बीजोत्पादनात दोन वाणांमध्ये विलगीकरण अंतर राखतात, त्यातलाच हा प्रकार. नव्याला रुजायला वेळ मिळतो.

२०१५ मध्ये ‘सेथब्लिंग’ या नावाने व्हिडिओ करणाऱ्या एका अमेरिकन तरुणाने ‘नीट’ वापरून ‘सुपर मारिओ वर्ल्ड’चा एक टप्पा संगणकाकडून पार करून घेतला. २४ तास आणि ३४ पिढ्या लागल्या. मारिओ सुरुवातीला जागचा हलतही नव्हता. त्याआधी २०१४ मध्ये टेक्सास विद्यापीठातच अशा पद्धती तब्बल ६१ अटारी खेळांवर तपासल्या गेल्या आणि त्यांपैकी तीन खेळांत त्यांनी माणसांचे उच्चांकही मोडले.

गुण मिळाले, खेळ राहिला

इथवरची गोष्ट सुरस आहे. पुढची सावध करणारी आहे.

‘क्यूबर्ट’ हा १९८२ चा आर्केड खेळ. घनांच्या मनोऱ्यावर उड्या मारत प्रत्येक घनाचा रंग बदलायचा, शत्रूला चुकवायचे आणि मनोरा पूर्ण करून पुढच्या फेरीत जायचे. जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उत्क्रांतीची एक जुनी, साधी पद्धत या खेळावर लावली. उत्क्रांत झालेल्या एका नेटवर्कने पहिली फेरी पूर्ण केली आणि मग ते वेड्यासारखे इकडून तिकडे उड्या मारू लागले. पुढची फेरी सुरूच होईना. घन लुकलुकू लागले आणि गुण भराभर वाढत दहा लाखांच्या आसपास गेले. खेळाच्या प्रोग्रामात असलेली एक चूक नेटवर्कने हुडकली होती.

दुसरे एक नेटवर्क याहून वरताण निघाले. शत्रू अगदी जवळ आला, की ते मनोऱ्यावरून खाली उडी घेई. शत्रू पाठोपाठ उडी घेऊन मरे. नेटवर्कचा एक जीव जाई, पण शत्रू मारल्याचे इतके गुण मिळत, की नवा जीव बक्षीस मिळे. मग पुन्हा उडी, पुन्हा बक्षीस. मनोरा तसाच राही आणि गुणफलक फिरत राही.

या नेटवर्कने लबाडी केली का? नाही. त्याला खेळ म्हणजे काय हे ठाऊकच नव्हते. ‘जास्त गुणवाला टिकेल’ एवढाच नियम त्याच्या पिढ्यांना लागू होता आणि तो त्यांनी तंतोतंत पाळला. चूक असलीच तर ‘गुण म्हणजेच चांगला खेळ’ असे धरून चालणाऱ्या माणसाची.

मराठवाड्याने हाच धडा शेतात घेतला आहे. २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बोंडअळीला मारणारे विष कपाशीत आले आणि सुरुवातीला अळी आटोक्यात राहिली. पण शेतात निवड फक्त कपाशीची होत नव्हती, अळीचीही होत होती. कोट्यवधी अळ्या, दर हंगामात अनेक पिढ्या आणि नियम एकच, विष पचवेल ती टिकेल. गुलाबी बोंडअळीने वाट काढली. २०१७ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातली बोंडे किडली, तेव्हा त्याचा हिशोब शेतकऱ्याला चुकवावा लागला. अळीला बुद्धी नव्हती, योजनाही नव्हती. निवडीचा दाब सतत एकाच जागी राहिला, की फट सापडतेच.

या फटीवर उपाय म्हणून बीटीच्या पाकिटासोबत नॉन-बीटी बियाण्याचे वेगळे पाकीट येई. कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावायच्या, म्हणजे विष न पचवू शकणाऱ्या अळ्याही जगतील आणि सगळीच पैदास प्रतिकारक होणार नाही. अनेकांनी ते पाकीट बांधावरच टाकले, कारण त्या ओळींचे उत्पन्न कमी. विविधता राखण्याची किंमत आज मोजावी लागते आणि फायदा पुढच्या पिढीत दिसतो. ‘नीट’मध्ये नव्या रचनांना वेगळा गट देतात, त्यामागे हेच गणित आहे.

भट्टीची गुणपत्रिका

हा सगळा खेळ पडद्यापुरता राहिला असता तर चिंता नव्हती. पण उत्क्रांत नेटवर्क कारखान्याच्या दारात कधीच पोहोचले आहे. आयआयटी खरगपूरचे निरुपम चक्रवर्ती आणि फिनलंडमधील ओबो अकादमी विद्यापीठाचे फ्रँक पेटरसन व हेन्रिक साक्सेन यांनी २००७ मध्ये एका झोतभट्टीच्या प्रत्यक्ष नोंदींवर असे नेटवर्क उत्क्रांत केले. भट्टीच्या नोंदी कधीच स्वच्छ नसतात. मोजमापात चढउतार असतात, गडबड असते. नेटवर्क फार मोठे ठेवले तर ते ही गडबडही पाठ करते आणि फार लहान ठेवले तर खरा कल त्याच्या लक्षात येत नाही.

म्हणून या संशोधकांनी गुणपत्रिकेत एकऐवजी दोन रकाने ठेवले. चूक कमी हवी आणि जाळेही लहान हवे. निवडीसाठी त्यांनी शिकारी आणि सावज यांची रीत वापरली, कमकुवत नेटवर्क शिकाऱ्याच्या तोंडी जाई. शेवटी एकच ‘सर्वोत्तम’ उत्तर हाती येत नाही. चूक आणि आकार यांच्या वेगवेगळ्या तडजोडींची एक रांग मिळते आणि तिच्यातून कोणते घ्यायचे हे माणूस ठरवतो.

जालन्याच्या कारखान्यांतल्या भट्ट्या विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आहेत, झोतभट्ट्यांपेक्षा वेगळ्या. पण प्रश्न सारखाच आहे. उद्या एखाद्या कारखान्याने हीट कशी चालवायची हे सुचवण्यासाठी असे नेटवर्क बसवले आणि गुण फक्त ‘टनामागे किती युनिट वीज’ यावर दिले, तर ते वीज नक्की वाचवेल. त्यासाठी धातूची रासायनिक घडण बिघडली, भट्टीचे लायनिंग लवकर झिजले, तर त्याला त्याचे सोयरसुतक नसेल. भट्टीपाशी उभ्या असलेल्या कामगाराची सुरक्षा गुणपत्रिकेत लिहिलेली नसेल, तर नेटवर्कच्या लेखी ती नसतेच.

यावरचा उपायही बियाण्यांच्या धंद्याकडे आहे. कुठलाही वाण एका शेतात, एका हंगामात चांगला आला म्हणून कोणी बाजारात आणत नाही. वेगवेगळ्या जमिनींत आणि वेगवेगळ्या पावसात चाचण्या घेतात, प्रत्येक ठिकाणी तुकडे पाडून पुन्हा पुन्हा लावतात. एकाच तुकड्यात चांगली माती लागली म्हणून वाण सरस ठरू नये, यासाठी ही पद्धत फिशर यांनीच रोथॅमस्टेडला घालून दिली. भारतात ती कृषी संशोधकांच्या हाती देणारे पुस्तक १९५४ मध्ये वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या दोघांनी लिहिले. उबरच्या प्रयोगातही वरच्या दहा नेटवर्कना आणखी तीस-तीस डाव खेळायला लावून मगच पहिला क्रमांक ठरवला होता. एखाद्या डावात नशिबाने मिळालेले गुण त्यामुळे उघडे पडतात.

चाचण्या वाढवल्या, की नशिबाची फट बुजते. गुणांच्या व्याख्येतली फट मात्र चाचण्यांनी बुजत नाही. क्यूबर्टचे नेटवर्क शंभर डाव खेळले असते तरी दरवेळी उडीच मारली असती. तिथे कोणीतरी पडद्यासमोर बसून खेळ पाहावा लागतो, जसा पैदासकार आकडेवारी हातात असूनही प्लॉटमध्ये उतरतो, झाडे पाहतो आणि भेसळीची उपटून टाकतो. निवड यंत्रावर सोपवता येते. कशासाठी निवडायचे, हे मात्र भट्टीवर आणि शेतात राबणाऱ्या माणसांनाच ठरवावे लागेल.

घरी करून पाहा

पायथन भाषा थोडीफार येणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रयोग साध्या लॅपटॉपवर जमतो. ‘नीट-पायथन’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळते.

१. ‘स्नेक’सारखा सोपा खेळ घ्या. भिंत, खाऊ आणि सापाची शेपटी किती दूर आहेत एवढेच आकडे नेटवर्कला द्या. बाहेर निर्णय तीन: सरळ, डावीकडे, उजवीकडे.

२. शंभर नेटवर्कची पिढी ठेवा. आधी फक्त ‘जितका वेळ जगेल तितके गुण’ असा नियम लावा. काही पिढ्यांत साप खाऊकडे न बघता जागच्या जागी गोल फिरू लागलेला दिसेल. त्याच्या दृष्टीने तो जिंकतो आहे.

३. आता खाल्लेल्या प्रत्येक घासाला गुण द्या आणि बराच वेळ उपाशी राहिलेला साप बाद करा. मग तो खाऊ शोधायला निघेल.

४. दोन्ही नियमांतले सर्वोत्तम साप शेजारी-शेजारी चालवून पाहा. नेटवर्क तेच, पद्धत तीच, बदलली ती फक्त गुणपत्रिका.